‘दोन्ही बाजू शिकवा ना, काय बिघडतंय?’ : डोव्हरच्या शाळेचा खटला सोप्या भाषेत

दोन्ही बाजू शिकवा, मुलं काय ते ठरवतील. ऐकायला इतकं समजूतदार वाटतं ना हे, की याला नाही म्हणणाराच हेकट ठरतो. अमेरिकेत सायन्सच्या तासाला उत्क्रांतीसोबत क्रिएशनिझम पण शिकवा म्हणणारे लोक गेली कित्येक वर्षं हेच वाक्य वापरतायत आणि २००५ च्या ऑगस्टमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही पत्रकारांशी बोलताना दोन्ही बाजू शिकवायला हव्यात असंच म्हटलं होतं. मग अडचण कुठे येते? ते कळायला पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर नावाच्या छोट्या गावचा खटला बघायचा, कारण तिथे हा वाद सहा आठवडे कोर्टात चालला आणि दोन्हीकडच्या लोकांना शपथेवर उत्तरं द्यावी लागली.

आधी क्रिएशनिझम म्हणजे काय ते एका दमात सांगून टाकतो. सगळे जीव देवाने थेट, वेगवेगळे आणि साधारण आहेत तसेच निर्माण केले, एकातून दुसरा झाला वगैरे काही नाही, अशी ही भूमिका. यातले कट्टर लोक बायबलमधल्या वंशावळी मोजून पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं धरतात (भूशास्त्राच्या हिशोबाने ते साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास आहे). सगळे ख्रिश्चन असं मानतात असं मात्र अजिबात नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच म्हटलं होतं की उत्क्रांती ही आता नुसत्या गृहीतकाच्या पलीकडे गेलीये. पण गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत ४० टक्के अमेरिकन लोकांनी सांगितलं की देवाने माणूस गेल्या दहा हजार वर्षांत आहे त्याच रूपात बनवला, म्हणजे मतं काही कमी नाहीत.

आणि मतांचा संबंध येतो कारण तिथली शाळेची व्यवस्थाच तशी आहे. आपल्याकडे पुस्तक पुण्यात नाहीतर दिल्लीत ठरतं आणि गावातल्या शाळेपर्यंत ते छापूनच येतं. तिथे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला स्वतःचं बोर्ड असतं, गावकऱ्यांनी निवडून दिलेलं, राज्य सरकार एक चौकट आखून देतं पण कुठलं पुस्तक घ्यायचं, कशावर भर द्यायचा यात या बोर्डाला बराच हात असतो. तिथे राहणारे आपले मराठी लोक अध्यक्षाच्या निवडणुकीवर तासन्‌तास बोलतात, पण पोरं शाळेत काय शिकणार हे या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत जास्त ठरतं.

आता थोडा इतिहास, पटकन. १९२५ ला टेनेसी राज्याने सरकारी शाळांमध्ये माणसाची उत्क्रांती शिकवायलाच बंदी घातली. डेटन गावच्या जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला, १०० डॉलर दंड झाला, पुढे तो दंड ज्युरीऐवजी जजने ठरवला या तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता. १९६८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशा बंद्या घटनाबाह्य ठरवल्या, कारण तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार सरकार कुठल्याही धर्माची तळी उचलू शकत नाही. बंदी गेली म्हटल्यावर मागणी बदलली. बरं, उत्क्रांती शिकवा, पण तेवढाच वेळ ‘क्रिएशन सायन्स’ला पण द्या. आर्कान्सा आणि लुइझियाना या दोन राज्यांनी १९८१ ला तसे कायदे केले. आर्कान्साचा १९८२ मध्ये पडला आणि लुइझियानाचा १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात सात विरुद्ध दोन असा पडला, त्यात ७२ नोबेल विजेत्यांनी मिळून कोर्टाला सांगितलं होतं की हे सायन्स नाही. हे १९८७ साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोव्हरच्या बोर्डाने १८ ऑक्टोबर २००४ ला सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला की मुलांना डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटींची आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’सारख्या दुसऱ्या सिद्धांतांची जाणीव करून द्यायची. इंटेलिजंट डिझाइन म्हणजे काय, तर सजीवांतल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या आपोआप होणं शक्य नाही, कोणीतरी बुद्धिमान रचनाकार असणार. तो कोण ते सांगायचं नाही, देव हा शब्द काढायचाच नाही. प्रत्यक्षात करायचं काय होतं, तर नववीच्या बायोलॉजीच्या वर्गात मिनिटभराचं एक निवेदन वाचायचं. त्यात होतं की डार्विनची थिअरी ही थिअरी आहे, फॅक्ट नाही, तिच्यात गॅप्स आहेत, आणि ज्यांना इंटेलिजंट डिझाइनबद्दल वाचायचंय त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक ठेवलेलं आहे.

बायोलॉजीच्या शिक्षकांनी हे वाचायला सरळ नकार दिला. इंटेलिजंट डिझाइन हे सायन्स नाही, आम्ही ते सायन्स म्हणून मुलांसमोर ठेवलं तर आमच्या पेशाशी बेइमानी होईल, असं लेखी दिलं. मग जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातले अधिकारी वर्गात आले आणि निवेदन वाचून गेले. आणि यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी मुलांना हेही सांगितलं की या विषयावर आणखी चर्चा होणार नाही आणि तुमचे शिक्षक यावरच्या प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत. म्हणजे चिकित्सक विचार वाढावा म्हणून आणलेली गोष्ट, आणि तिच्यावर प्रश्न विचारायचा नाही!

त्यातल्या ‘फक्त थिअरी आहे’ या वाक्याचं पण बघून घेऊ, कारण हे आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. गप्पांमध्ये आपण म्हणतो ना ‘माझी एक थिअरी आहे’, तो झाला अंदाज. सायन्समध्ये थिअरी म्हणजे ढीगभर निरीक्षणांना एकत्र बांधणारं आणि पुन्हा पुन्हा तपासून टिकलेलं स्पष्टीकरण. रोग जंतूंमुळे होतात ही पण थिअरीच, आणि तिच्यावर भरवसा ठेवूनच आपण ऑपरेशनआधी हत्यारं उकळतो.

११ पालक कोर्टात गेले, पहिलं नाव टॅमी किट्झमिलर यांचं, म्हणून खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो. हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात २६ सप्टेंबर २००५ ला सुनावणी सुरू झाली. समोर जज जॉन जोन्स, रिपब्लिकन म्हणजे बुश यांच्याच पक्षाचे, चर्चला जाणारे, आणि बुश यांनीच नेमलेले. त्यामुळे बोर्डाच्या बाजूचे लोक तसे निवांत होते.

पालकांचा पहिला साक्षीदार केनेथ मिलर, ब्राऊन युनिव्हर्सिटीतले जीवशास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी कोर्टात उत्क्रांतीचा जो पुरावा मांडला तो जरा सावकाश बघू, कारण ‘सायन्स’ म्हणजे नक्की काय हे त्यात दिसतं. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांमध्ये गुणसूत्रांच्या (पेशीत डीएनए ज्यात गुंडाळलेला असतो त्यांच्या) २४ जोड्या. माणसात २३. आता आपला आणि त्यांचा पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? एवढं मोठं गुणसूत्र नुसतं गळून पडलं असतं तर तो जीव जगलाच नसता. म्हणजे एकच शक्यता उरते, की दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असणार. आणि असं झालं असेल तर खुणा राहायला हव्यात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएचा एक ठरावीक, परत परत येणारा तुकडा असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात, आणि मधे कुठेतरी सेंट्रोमिअर नावाचा एक भाग असतो. दोन गुणसूत्रं जोडलेली असतील तर टोकाला असणारा टेलोमिअर आपल्याला भलत्याच जागी, म्हणजे मध्यात सापडला पाहिजे, आणि सेंट्रोमिअर एकाऐवजी दोन पाहिजेत, त्यातला एक निकामी झालेला. शोधलं, तर माणसाच्या गुणसूत्र क्रमांक २ मध्ये अगदी हेच सापडलं. जोड कुठे आहे ती जागासुद्धा दाखवता येते.

यातलं महत्त्वाचं काय, तर हे सापडलं नसतं तर उत्क्रांतीची चांगलीच पंचाईत झाली असती. सिद्धांताने आधी मान पुढे केली, की बघा, इथे हे असायला हवं, नसेल तर मी चुकलो. सायन्समध्ये यायची फी हीच आहे. रचनाकार मानणाऱ्या मांडणीत या गुणसूत्राबद्दल काय म्हणता येतं? रचनाकाराला तसं करावंसं वाटलं. आणि जोड सापडला नसता तरी हेच म्हणता आलं असतं. जे काहीही सापडलं तरी बरोबरच ठरतं, ते तपासायचं कसं?

पालकांच्या बाजूची आणखी एक साक्ष बार्बरा फॉरेस्ट यांची, त्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक. त्यांनी ते पांडाज पुस्तक हातात घेतलं. कोर्टाच्या आदेशाने त्याचे जुने कच्चे खर्डे मिळाले होते. जुन्या खर्ड्यांत व्याख्या अशी, की क्रिएशन म्हणजे सजीवांचे प्रकार एका बुद्धिमान निर्मात्याकडून अचानक, आपापल्या वैशिष्ट्यांसह अस्तित्वात आले, मासे कल्ले-खवल्यांसह, पक्षी पिसं-चोचींसह वगैरे. नंतरच्या खर्ड्यात अख्खं वाक्य जवळपास तसंच, फक्त ‘क्रिएशन’च्या जागी ‘इंटेलिजंट डिझाइन’. हा बदल झाला कधी? १९८७ ला, सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्याबरोबर. आणि शब्द बदलताना घाईत एका ठिकाणी गडबड झाली, ‘क्रिएशनिस्ट्स’ खोडून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ टाकताना जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहिलं आणि ‘सी-डिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असं एक भलतंच जनावर कागदावर तयार झालं. उत्क्रांतीवाले जी संक्रमण अवस्था शोधत असतात ती इथे आयती मिळाली म्हणायची.

बोर्डाकडून मायकेल बेही आले, लीहाय युनिव्हर्सिटीतले बायोकेमिस्ट, म्हणजे शिकलेला माणूस, कोणी ऐरागैरा नाही. त्यांचं म्हणणं असं की काही जंतूंना पोहण्यासाठी जी फिरणारी शेपटी असते, फ्लॅजेलम, तिचा एक जरी भाग काढला तर ती बंद पडते, मग ती टप्प्याटप्प्याने झाली कशी? मुद्दा वरवर जोरदार आहे. पण मिलर यांनी दाखवलं की तिच्यातले जवळपास दहा प्रोटीन असलेली एक लहान यंत्रणा प्लेगच्या जंतूसारख्या जीवांत असते आणि ती पोहायला नव्हे, तर दुसऱ्या पेशीत विष टोचायला वापरतात. म्हणजे भाग कमी केले तर पोहणं थांबतं, पण यंत्रणा निरुपयोगी होत नाही. मग आपली रोगप्रतिकारक यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याचं सायन्सकडे उत्तर नाही असं बेही म्हणाले, तेव्हा पालकांच्या वकिलांनी त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि वर पुस्तकांचा गठ्ठा त्यांच्यासमोर साक्षीच्या जागीच रचला. बेहींचं तरीही समाधान झालं नाही.

पण सगळ्यात गाजलं ते वेगळंच. सायन्सची व्याख्या किती सैल केली तर इंटेलिजंट डिझाइन तिच्यात बसेल असं विचारता विचारता, तुमच्या व्याख्येत ज्योतिषही बसेल का, असा प्रश्न आला, आणि बेहींना होय म्हणावं लागलं.

हे वाचून आपण हसायचं कारण नाही, कारण आपल्याकडे यूजीसीने २००१ मध्येच युनिव्हर्सिट्यांना ज्योतिर्विज्ञानाचे कोर्स काढायला वाट करून दिली होती, आणि त्याविरुद्ध शास्त्रज्ञ कोर्टात गेले तेव्हा २००४ ला सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. जयंत नारळीकरांनी यावर जाहीर टीका केलीच, पण नंतर त्यांनी जे केलं ते जास्त महत्त्वाचं. २००८ च्या सुमारास पुण्यात नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींसोबत त्यांनी ज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, भाग घेणाऱ्या ज्योतिषांना त्यातल्या ४०-४० पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती. ज्योतिषाला निदान एकदा तरी परीक्षेला बसवता आलं, रचनाकाराला बसवायला तेवढीही जागा नाही.

निकाल २० डिसेंबर २००५ ला आला, १३९ पानांचा. बोर्डाचा ठराव रद्द. जज जोन्स यांनी लिहिलं की इंटेलिजंट डिझाइन हे क्रिएशनिझमचंच नवं रूप आहे आणि ते सायन्स नाही. यात त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली, आणि ‘दोन्ही बाजू’वाल्या युक्तिवादाची खरी मेख तीच आहे. डार्विन इथे कमी पडला, म्हणून आमचं बरोबर, असं धरून चालणं. अरे पण बाजू दोनच आहेत हे ठरवलं कोणी? उत्क्रांती उद्या समजा साफ चुकीची निघाली तरी त्याने बायबलमधली निर्मिती सिद्ध होत नाही, तिला स्वतःचा पुरावा स्वतःच आणावा लागेल. आणि निर्मितीच्या कथा वर्गात घ्यायच्याच म्हटलं तर एकच का? जगात शेकडो आहेत. आपल्या ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की हे सगळं कुठून आलं ते वरून बघणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल. मला स्वतःला ती ओळ भयंकर आवडते, तरी ती बायोलॉजीच्या तासाला नको.

जजनी बोर्डाच्या सदस्यांनाही सोडलं नाही. पांडाजच्या ६० प्रती शाळेला ‘कोणीतरी’ भेट दिल्या होत्या. त्याचे पैसे बोर्डाच्याच एका सदस्याने आपल्या चर्चमध्ये जमवले होते आणि दुसऱ्या सदस्याच्या वडिलांच्या हातून पुस्तकं घेतली होती, हे साक्षीत उघडं पडलं, आधी शपथेवर माहीत नाही म्हणून झाल्यावर. श्रद्धेचा एवढा डंका पिटणारी माणसं वारंवार खोटं बोलली यावर जजनी निकालात चांगलंच सुनावलंय. जजना नंतर धमक्या आल्या आणि काही दिवस मार्शल्सचं, म्हणजे फेडरल पोलिसांचं, संरक्षण घ्यावं लागलं.

एक आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे, आणि तो काही उत्क्रांती मानणाऱ्या अभ्यासकांनीही घेतला. हेतू धार्मिक आहे एवढं सांगून जजनी थांबायचं, सायन्स काय आणि काय नाही हे ठरवणं कोर्टाचं काम आहे का? मलाही हे थोडं पटतं. उद्या दुसरा जज उलटं लिहील. आपल्या सुप्रीम कोर्टात २०२३ ला एक जण डार्विन आणि आइन्स्टाइन चुकीचे आहेत हे सिद्ध करायला आला होता, कोर्टाने त्याला परत पाठवलं, ते बरोबरच केलं. पण डोव्हरमध्ये दोन्ही बाजूंनीच जजना यावर निर्णय द्या म्हटलं होतं, सहा आठवडे साक्षी त्यावरच झाल्या होत्या, आणि त्यांनी जे तपासलं त्यात या कल्पनेवर प्रयोग झालेत का, निबंध छापून आलेत का, हेही होतं. नवीन कल्पना आधी संशोधकांसमोर मार खाते, त्यातून वाचली तर युनिव्हर्सिटीत जाते आणि सगळ्यात शेवटी शाळेच्या पुस्तकात येते. इथे सुरुवातच नववीच्या वर्गापासून, १४-१५ वर्षांच्या पोरांपासून करायची होती, जी उलट प्रश्न विचारण्याइतकी तयारच नसतात.

गंमत म्हणजे निकालाआधीच, ८ नोव्हेंबर २००५ ला गावात निवडणूक झाली आणि बोर्डाच्या नऊपैकी ज्या आठ जागांसाठी मतदान होतं त्या आठही ठरावाच्या बाजूच्या लोकांनी गमावल्या. कोर्टखर्चापोटी दहा लाख डॉलर द्यायची वेळ मात्र नव्या बोर्डावर आली. म्हणजे शाळेच्याच पैशातून.

हे सगळं झाल्यावर प्रकरण मिटलं का? छे. मागणीने परत कात टाकली. आता क्रिएशनही नाही आणि डिझाइनही नाही, आता शिक्षकांना उत्क्रांती, हवामानबदल वगैरे ‘वादग्रस्त’ विषयांवर टीकात्मक चर्चा करायचं स्वातंत्र्य हवं. लुइझियानात २००८ ला आणि टेनेसीत २०१२ ला असे कायदे झालेही. निक मात्झके नावाच्या संशोधकाने, जो डोव्हरच्या खटल्यात पालकांच्या बाजूला मदतीला होता, अशा सगळ्या विधेयकांचा मजकूर घेऊन जीवशास्त्रातल्याच पद्धतीने त्यांची वंशावळ काढली, कुठलं विधेयक कुठल्यातून थोड्याफार बदलाने उतरलं ते. ‘सायन्स’ या संशोधन-साप्ताहिकात छापून आलंय ते.

शाळेत धर्माचं नावच काढायचं नाही असं मात्र यातल्या कुठल्याच निकालात म्हटलेलं नाही. इतिहासात, समाजशास्त्रात, वेगवेगळ्या धर्मांच्या अभ्यासात क्रिएशनिझम खुशाल शिकवा, स्कोप्सचा खटला तर शिकवायलाच हवा. आणि सायन्सच्या तासाला एखाद्या मुलीने विचारलं, की सर, मग देवाने नाही बनवलं का, तर देव नाही असं म्हणायचंही कारण नाही. या तासाला आपण ज्याची तपासणी करता येते तेवढंच बघतो, ते घरी आई-आजीला विचार, एवढं म्हणून गुणसूत्र क्रमांक २ वर यायचं. मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक असूनही वर्गात उत्क्रांतीच शिकवत आले.

आपल्याकडे वाद या वळणाने आला नाही. दशावतार म्हणजेच उत्क्रांती हे फॉरवर्ड येतं, मत्स्य मग कूर्म मग वराह, पण ते निदान उत्क्रांतीच्या बाजूने तरी बोलतं (कासवापासून डुक्कर झालं असं कुठलाच जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही, ते सोडा). धक्का बसला तो जानेवारी २०१८ मध्ये, जेव्हा तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, आणि शाळा-कॉलेजात हे बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून याला विरोध केला. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्या राज्य मंडळाचं दहावीचं नवीन पुस्तक आलं, विज्ञान भाग २, आणि त्यातला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. एनसीईआरटीने मात्र २०२२-२३ ला कोविडनंतर भार कमी करायचा म्हणून दहावीतला उत्क्रांतीचा भाग काढला, १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. बारावीच्या बायोलॉजीत तो आहे, असं उत्तर मिळालं. पण कॉमर्स किंवा आर्ट्सला गेलेलं पोरगं बारावीची बायोलॉजी उघडणार कधी? त्याला उत्क्रांती भेटणार ती व्हॉट्सॲपवर, माकडापासून माणूस झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत, या प्रश्नातून. त्याचं उत्तर दहावीच्या धड्यात चार ओळींत देता येतं: माणूस आजच्या माकडांपासून झालेलाच नाही, चिंपँझी आणि आपण साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाच्या दोन वेगळ्या फांद्या आहोत, आणि त्याही काळात फांद्या दोनच नव्हत्या.